मिश्र रंगसंगतीचे ख्रिसमस ट्री: रंगांच्या निवडीपासून झाड उतरवण्यापर्यंत

ख्रिसमस ट्रीवर चार-पाच रंग लावणे सोपे असते, पण ते रंग एकमेकांत मिसळलेले दिसणे अवघड असते. बाजारातून आणलेले लाल, निळे, सोनेरी आणि जांभळे गोळे मोकळ्या हाताने लावले, की झाड रंगीबेरंगी होते खरे. मात्र हॉलच्या दारातून पाहिले तर प्रत्येक रंग सुटा दिसतो आणि नजर कुठेच ठरत नाही. मिश्र रंगसंगतीत नजर एका रंगावरून दुसऱ्या रंगावर न अडखळता गेली पाहिजे. त्यासाठी दोन रंगांच्या मधला, दोघांचाही अंश असलेला तिसरा रंग लागतो. या लेखात त्याला दुवा-रंग म्हटले आहे आणि पुढच्या बहुतेक सूचना त्याच्याभोवतीच फिरतात.

उदाहरणासाठी सहा फुटांचे हिरवे कृत्रिम झाड धरले आहे, कारण मुंबई, वसई, पुणे किंवा मडगावच्या फ्लॅटमधील हॉलमध्ये साधारण याच मापाचे झाड मावते. रंग चार घेतले आहेत: डाळिंबी, तांबूस, सोनेरी आणि मोतिया. हीच पद्धत दुसऱ्या रंगांना कशी लावावी, याचाही विचार पुढे केला आहे.

आधी प्रकाश, मग रंग

रंग निवडण्यापूर्वी झाड कुठे उभे राहणार आहे आणि त्या कोपऱ्यात रात्री कोणता दिवा लागतो, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे बहुतेक घरांच्या हॉलमध्ये पांढऱ्या, किंचित निळसर प्रकाशाची ट्यूब किंवा पॅनेल असते. ६५०० केल्विनच्या आसपासच्या अशा प्रकाशात सोनेरी रंग फिका आणि हिरवट, तांबूस रंग मळकट, तर मोतिया रंग सरळ पांढरा दिसतो. याउलट २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात हे तिन्ही रंग उजळतात, पण निळा काळवंडतो आणि चंदेरी आपला थंडपणा सोडून पिवळट होतो. म्हणून उष्ण रंगांची संगती घेतली असेल, तर झाडावर ‘वॉर्म व्हाइट’ माळाच लावाव्यात आणि पाहुणे येतील तेव्हा ट्यूब बंद करून बाजूचा पिवळा दिवा लावावा. निळ्या-चंदेरी संगतीला पांढऱ्या प्रकाशाच्या माळा शोभतात.

दुकानातील प्रखर पांढऱ्या उजेडात केलेली निवड घरी आल्यावर बदलते, ती याच कारणाने. शक्य असल्यास प्रत्येक रंगाचा एकेकच गोळा आधी आणावा, संध्याकाळी झाडाच्या फांदीवर टांगून माळ पेटवावी आणि मगच उरलेली खरेदी करावी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा बांद्र्याच्या हिल रोडला डिसेंबरमध्ये दोनदा जाणे गर्दीमुळे नकोसे वाटते, हे मान्य आहे. परंतु सत्तर गोळे आणून त्यातले तीस कपाटात ठेवून देण्यापेक्षा ते परवडते.

भिंतीबद्दल फार विचार करण्याची गरज नसते. पांढरी किंवा बदामी भिंत सगळे रंग सामावून घेते. भिंत गडद असेल, तर संगतीतल्या सर्वांत फिक्या रंगाचा हिस्सा वाढवावा, नाहीतर झाडाची कड भिंतीत विरून जाते.

रंग का भांडतात आणि का मिसळतात

पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणले जात. तेथील रंगशाळेचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांच्याकडे काही रंग, विशेषतः काळा, निस्तेज दिसत असल्याची तक्रार आली. तपासणीत त्यांना आढळले की रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्याच्या रंगामुळे तो काळा फिका भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण नियमाच्या रूपात मांडले: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचा भास बदलतात, आणि परस्परविरोधी रंग शेजारी आले तर दोघेही अधिक भडक दिसतात. लाल आणि हिरवा ही अशीच विरोधी जोडी आहे. हिरव्या फांदीवर मोठा लाल गोळा उठून दिसतो, तो या नियमामुळे.

याचीच दुसरी बाजू मात्र सजावट करणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. रंगाचे ठिपके लहान असले आणि पाहणारा दूर असला, की डोळा ते ठिपके वेगळे न पाहता त्यांची सरासरी पाहतो. पैठणीच्या धूपछाव पोतात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. जवळून दोन्ही धागे ओळखू येतात, पण हातभर अंतरावरून तिसराच रंग दिसू लागतो. झाडावरही तेच घडते. हिरव्या पानांत विखुरलेले बारीक लाल मणी दारातून पाहताना तपकिरी आणि मळकट दिसतात, आणि लाल जर गडद असेल तर तो गडद हिरव्यात चक्क नाहीसा होतो, कारण दोघांची उजळता जवळपास सारखीच असते. यावरून दोन गोष्टी ठरतात. हिरव्याशी विरोध असलेला गडद रंग मोठ्या गोळ्यांत किंवा घोसांत वापरावा, सुट्या मण्यांत वापरू नये. आणि लहान वस्तू सोनेरी किंवा मोतिया अशा उजळ रंगांत घ्याव्यात, कारण त्या हिरव्यात मिसळल्या तरी झाड मळत नाही, उलट त्याला कोवळी झाक येते.

शिडी आणि हिस्से

आपले चार रंग एका शिडीच्या पायऱ्यांसारखे मांडावेत: डाळिंबी, त्यावर तांबूस, त्यावर सोनेरी, त्यावर मोतिया. डाळिंबीतला लाल तांबूसमध्ये आहे, तांबूसमधला पिवळा सोनेरीत आहे, आणि सोनेरीची फिकी छटा मोतियात आहे. तांबूस आणि सोनेरी हे येथे दुवा-रंग ठरतात. यातला तांबूस काढून टाकला तर डाळिंबी आणि सोनेरी एकमेकांसमोर उभे राहतात आणि संगती एकदम लग्नाच्या मांडवाची होते. ती वाईट नसते, पण मिश्र राहत नाही.

शिडी नीट जमली की नाही हे पाहण्यासाठी एका मोठ्या परातीत झाडाची सुटी फांदी किंवा हिरवे कापड पसरून त्यावर चारही रंगांचे गोळे ठरवलेल्या प्रमाणात ठेवावेत आणि आठ-दहा फूट मागे जाऊन पाहावे. नंतर मोबाइलवर त्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. त्यात गडद, मध्यम आणि उजळ अशा किमान तीन करड्या छटा दिसायला हव्यात. सगळे गोळे एकाच करड्या रंगाचे दिसत असतील, तर रंग कितीही सुंदर असले तरी झाडावर त्यांचा गोळाबेरीज लगदा होणार, असे समजावे. एखादा गडद रंग आणखी गडद केल्याने किंवा मोतियाचे दोन-चार गोळे वाढवल्याने हा दोष सहसा दूर होतो.

चारही रंग समान संख्येने घेऊ नयेत. सहा फुटी झाडाला साधारण ७० गोळे पुरतात. त्यांपैकी २८ डाळिंबी, १८ तांबूस, १४ सोनेरी आणि १० मोतिया असावेत. मापांची वाटणी याहून महत्त्वाची आहे. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे १६ मोठे गोळे घ्यावेत आणि ते फक्त डाळिंबी (१०) व तांबूस (६) असावेत. सात-आठ सेंटिमीटरचे मध्यम गोळे ३० लागतील: १२ डाळिंबी, ८ तांबूस, ६ सोनेरी, ४ मोतिया. उरलेले २४ गोळे चार ते सहा सेंटिमीटरचे लहान असावेत: ६ डाळिंबी, ४ तांबूस, ८ सोनेरी, ६ मोतिया. म्हणजे रंग जितका उजळ, तितका गोळा लहान. मोठे मोतिया गोळे झाडावर भोके पडल्यासारखे दिसतात, म्हणून ते मी यादीत ठेवलेलेच नाहीत.

पोताचाही विचार करावा. तोच तांबूस रंग चकचकीत, मंद आणि चमकी लावलेल्या अशा तीन पोतांत घेतला, तर नवा रंग न आणता तीन छटा मिळतात, कारण चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे रंग प्रतिबिंबित होतात आणि मंद गोळ्यात ते होत नाहीत. मोठे गोळे मंद आणि लहान गोळे चकचकीत ठेवणे सर्वांत सुरक्षित. काचेच्या गोळ्यांचा रंग प्लास्टिकपेक्षा खोल दिसतो, त्याचे कारण त्यांच्या बनावटीत आहे. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातल्या लाउशा गावी एकोणिसाव्या शतकात हे गोळे फुंकून बनवण्यास सुरुवात झाली आणि त्यांना आतून चांदीचा मुलामा देऊन बाहेरून पारदर्शक रंग चढवण्याची रीत पडली. प्रकाश रंगातून आत जातो, आरशावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. चारही रंगांचे मिळून आठ-दहा काचेचे गोळे असले तरी झाडाला वजन येते. लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात ते कमरेच्या वरच लावावेत.

सगळेच नाताळच्या दुकानातून आणावे, असे मुळीच नाही. सोनेरी आणि तांब्याच्या रंगाच्या जरीच्या लेसी, मोत्यांच्या माळा, ऑर्गेन्झाच्या फिती मुंबईत भुलेश्वरला आणि पुण्यात रविवार पेठेत मीटरवर मिळतात, आणि त्या झाडाच्या सजावटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फितींपेक्षा बहुधा बऱ्या असतात. ज्या घरात गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सजावटीची पेटी आहे, तेथे ती आधी उघडावी. फक्त प्लास्टिकच्या चकचकीत झिरमिळ्यांपासून दूर राहावे. त्यांचा रंग इतका एकसुरी असतो की कोणत्याही दुव्याला तो दाद देत नाही.

झाड फुलवणे

कृत्रिम झाड खोक्यातून काढून तसेच उभे केले, तर फांद्यांमधून मधला खांब दिसत राहतो आणि मागे मोकळी भिंत दिसते. अशा पोकळीत कोणताही रंग टिकत नाही. खालच्या फांद्यांपासून सुरुवात करून प्रत्येक फांदीची टोके वेगवेगळ्या दिशांना वळवावीत: एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि खोडाजवळची आत. सहा फुटी झाडाला या कामासाठी तासभर लागू शकतो आणि तो द्यावा. खांब तरीही दिसत असेल, तर त्याभोवती गडद तपकिरी किंवा जुनी डाळिंबी ओढणी सैल गुंडाळावी. फटींमधून पांढरा किंवा धातूचा रंग दिसण्यापेक्षा संगतीतला गडद रंग दिसलेला बरा.

कोपऱ्यात ठेवायच्या झाडाच्या मागच्या बाजूला थोडेच गोळे लावून उरलेले पुढे घेता येतात, मात्र सगळा भार एका बाजूला झाल्यास हलके झाड पुढे झुकते. अशा वेळी स्टँडच्या मागच्या पायावर वाळूची छोटी पिशवी ठेवावी.

माळा

माळा गोळ्यांच्या आधी लावायच्या असतात. झाडाला बाहेरून पट्टी बांधल्यासारखी माळ गुंडाळली, की प्रकाश फक्त कडांवर राहतो आणि आतले गोळे काळे पडतात. त्याऐवजी माळ खोडापासून फांदीवरून टोकापर्यंत न्यावी, तशीच परत खोडाकडे आणावी आणि मग पुढच्या फांदीकडे वळावे. आत लागलेले दिवे मोठ्या डाळिंबी गोळ्यांना मागून उजळतात, आणि गडद रंग रात्री जिवंत राहण्याचा हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. झाडाच्या प्रत्येक फुटामागे ७० ते १०० बारीक दिवे असे ढोबळ प्रमाण धरावे, म्हणजे सहा फुटी झाडाला चारशे ते सहाशे. हिरव्या तारेची माळ मिळाली तर उत्तम. दिवाळीच्या पारदर्शक तारेच्या माळा चालतात, पण दिवसा त्यांची तार दिसते.

मिश्र रंगसंगतीत रंगीत दिव्यांची माळ वापरू नये. निळा दिवा डाळिंबी गोळ्यावर पडला की तो काळपट जांभळा दिसतो, हिरव्या दिव्याखाली तांबूस रंग मातकट होतो, आणि परातीत जुळवलेली सगळी शिडी मोडते. झाडावरच्या विजेच्या दिव्यांचा इतिहास मात्र रंगीत दिव्यांनीच सुरू होतो: एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा ८० दिव्यांचे झाड उभे केले होते. त्यांच्या झाडाचे आकर्षण दिवे हेच होते; आपल्या झाडाचे आकर्षण गोळ्यांचे रंग आहेत, म्हणून दिव्यांनी मागे राहावे. लुकलुकणारी माळही टाळावी, किंवा ती स्थिर प्रकाशावर ठेवावी, कारण दर सेकंदाला उजेड बदलला तर डोळ्याला छटा जुळवायला वेळच मिळत नाही.

सुरक्षिततेची काळजी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. एलईडी माळाच घ्याव्यात, एकाला एक किती माळा जोडता येतात हे खोक्यावर वाचावे, तार कुठे सोललेली असल्यास ती माळ टाकून द्यावी, आणि झोपताना किंवा घराबाहेर पडताना स्विच बंद करावा. कृत्रिम झाडाजवळ मेणबत्ती ठेवू नये.

फीत आणि गोळे

माळांनंतर फीत येते. सहा फुटी झाडाला दोन-अडीच इंच रुंदीची, कडेला बारीक तार असलेली साधारण १५ मीटर फीत पुरते. ती अखंड गुंडाळण्यापेक्षा दीड ते दोन फुटांचे तुकडे करून दोन्ही टोके फांद्यांत खोचावीत आणि मधला भाग फुगीर ठेवावा. येथे दुवा-रंग फार उपयोगी पडतो: फीत तांबूस किंवा सोनेरी असावी, डाळिंबी किंवा मोतिया असू नये, कारण फीत झाडभर फिरते आणि शिडीच्या दोन टोकांना जोडण्याचे काम तिला करायचे असते. दोन फिती एकावर एक ठेवून, खाली रुंद तांबूस आणि वर अरुंद सोनेरी जाळीची, असे तुकडे खोचले तर वळणावळणावर कधी एक, कधी दुसरी दिसते.

मग मोठे गोळे लावावेत. ते फांदीच्या टोकाला न टांगता अर्ध्या आत, दिव्यांच्या जवळ टांगावेत. खालच्या अर्ध्या भागात दहा आणि वरच्या अर्ध्या भागात सहा, अशी वाटणी साधारण बरोबर बसते. हे १६ गोळे लावून झाले की थांबून झाडाकडे दुरून पाहावे. या टप्प्याला झाड उदास आणि गडद दिसते. तसेच ते दिसायला हवे.

मध्यम आणि लहान गोळे सुटे टांगण्यापेक्षा तीन-तीनचे घोस करून बांधावेत. घोस बांधताना एकच नियम पाळला, तरी निम्मे काम होते: एका घोसात शिडीवर शेजारी असलेलेच रंग घ्यावेत. दोन डाळिंबी आणि एक तांबूस, किंवा दोन तांबूस आणि एक सोनेरी, किंवा एक सोनेरी आणि दोन मोतिया. डाळिंबी आणि मोतिया एका घोसात घेतले तर मधे किमान एक तांबूस किंवा सोनेरी गोळा हवाच. घोसांची जागाही याच न्यायाने ठरते. डाळिंबीकडे झुकणाऱ्या घोसाच्या शेजारी तांबूसकडे झुकणारा घोस आला, की दोन घोसांमधील सीमा डोळ्याला सापडत नाही. तीन गोळ्यांच्या कड्यांतून फुलवाल्यांची हिरवी तार ओवून पिळा द्यावा, दोरा निसटतो.

साधारण दोन-तृतीयांश गोळे घोसांत गेले पाहिजेत. उरलेले लहान सोनेरी आणि मोतिया गोळे अगदी शेवटी, फांद्यांच्या टोकांना सुटे टांगावेत. येथे हात सैल सोडायला हरकत नाही. फक्त दोन मोतिया गोळे एका उभ्या ओळीत आले, तर नजर लगेच ती ओळ पकडते.

वरून खाली रंग बदलत जाणारे झाड हवे असेल, म्हणजे शेंड्याला मोतिया आणि बुंध्याला डाळिंबी, तर घोसांचा नियम तोच राहतो, मात्र झाडाचे चार पट्टे मनात आखावेत आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवर साधारण आठ-दहा इंचांचा भाग असा ठेवावा, जिथे दोन्ही रंग निम्मे-निम्मे असतील. हा मिसळीचा भाग लोक फार अरुंद ठेवतात आणि मग झाड पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी टोपीसारखे दिसते. बुंध्याकडे घेर मोठा असल्याने या प्रकारात डाळिंबी गोळे वाढवावे लागतात आणि मोतिया पाच-सहाच पुरतात.

संगतीबाहेरच्या वस्तू

ज्या घरात बरीच वर्षे झाड लावले जाते, त्या घरात संगतीत न बसणाऱ्या वस्तू असतातच. मुलीने बालवाडीत रंगवलेला निळा पुठ्ठ्याचा तारा, आजीने विणलेले हिरवे-पांढरे मोजे, दुबईहून कुणीतरी आणलेला गुलाबी उंट. त्या बाजूला ठेवून देखणे झाड उभारणे हा मला तरी फार कोरडा सौदा वाटतो. त्या सगळ्या वस्तूंना एकाच दुवा-रंगाची, म्हणजे तांबूस किंवा सोनेरी फीत बांधून लटकवावे. फितीमुळे त्या एका कुळातल्या दिसतात. दुसरा मार्ग म्हणजे त्या झाडभर न विखुरता एका बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर जवळजवळ लावणे, म्हणजे तो कोपरा मुद्दाम राखून ठेवल्यासारखा वाटतो. निळा तारा एकटाच खटकत असेल, तर त्याच निळ्याचे दोन लहान मणी इतरत्र लावावेत. एकट्या रंगाला जोडीदार मिळाला की तो चूक वाटेनासा होतो.

शेंडा, बुंधा आणि गोठा

शेंड्यावरचा तारा संगतीतील सर्वांत उजळ किंवा त्याच्या खालच्या पायरीचा असावा. आपल्या उदाहरणात मोतिया किंवा सोनेरी. त्याच्या लगत खाली दोन छोटे सोनेरी घोस बांधले, तर तारा वेगळा चिकटवल्यासारखा दिसत नाही. बुंध्याभोवती जुनी डाळिंबी रेशमी साडी किंवा ओढणी सैल चुण्यांनी पसरावी. झाडाच्या आतल्या गडद रंगाचा धागा त्यामुळे जमिनीपर्यंत उतरतो.

वसईतील ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, मान मोठा असतो. झाडाखाली गोठा मांडणार असाल, तर त्याला रंगसंगतीत ओढू नये. गवत, माती, पेंढा आणि तरटाचे रंग हे मुळातच तांबूस आणि सोनेरीच्या जवळचे असतात, त्यामुळे उष्ण संगतीशी ते आपोआप जुळतात. गोठ्याच्या वरच्या दोन ओळींतल्या फांद्यांवर मोठे किंवा चकचकीत गोळे लावू नयेत. तेथे फक्त दिवे आणि मंद तांबूस गोळे ठेवले, तर २४ तारखेच्या रात्री बाळ येशूची मूर्ती ठेवल्यावर नजर तिथेच जाते.

दुसऱ्या संगती

ज्यांना उष्ण रंग नको असतील, त्यांच्यासाठी आगमनकाळाचे रंग एक सुंदर शिडी हाताशी देतात. नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांत कॅथलिक उपासनेचा रंग जांभळा असतो, तिसऱ्या रविवारी गुलाबी वापरता येतो आणि नाताळला पांढरा येतो. जांभळा, फिका जांभळट-गुलाबी, गुलाबी आणि मोतिया अशी संगती यातून तयार होते. यात गुलाबी हा दुवा-रंग असून सोनेरी अगदी थोडा, फक्त ताऱ्यात आणि फितीच्या कडेला घ्यावा. जांभळा हिरव्यावर डाळिंबीपेक्षाही लवकर हरवतो, म्हणून त्याचे मोठे गोळे मंद न घेता चकचकीत घ्यावेत. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद आहे.

मोरपंखी, समुद्री हिरवा, फिका पोपटी आणि चंदेरी ही संगती दिसायला सोपी, पण फसवी आहे, कारण तिचे मधले दोन रंग झाडाच्याच रंगाचे नातलग आहेत. पांढरे बर्फ लावलेले किंवा पूर्ण पांढरे झाड असेल तरच ती खुलते. हिरव्या झाडावर ती करायचीच झाली, तर चंदेरीचा हिस्सा एक-तृतीयांशापर्यंत न्यावा.

कुंडीतले खरे झाड असेल, तर बेत आणखी आटोपशीर हवा. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून विकले जाणारे रोप बहुधा अरोकेरिया असते. त्याच्या फांद्या चक्राकार थरांत येतात आणि दोन थरांत मोकळी जागा राहते. त्या नाजूक असल्याने घोस पेलत नाहीत. तेथे प्रत्येक थराला एक पायरी द्यावी, खालच्या थराला गडद आणि वर जाताना उजळ, आणि कागदाचे किंवा हलक्या प्लास्टिकचे लहान गोळेच टांगावेत. त्यावर बर्फाचा किंवा सोनेरी स्प्रे मारू नये, रोपाला इजा होऊ शकते. किनारपट्टीवर सुरूची फांदी कुंडीत रोवून सजवतात. तिच्या दोऱ्यासारख्या काड्यांत गोळे टिकत नाहीत, परंतु मोत्यांच्या माळा आणि पातळ फिती फार छान बसतात.

शेवटची पाहणी आणि उतरवणे

सगळे लावून झाल्यावर खोलीतले इतर दिवे मालवून दारात उभे राहावे आणि डोळे अर्धवट मिटून झाडाकडे पाहावे. एखादी जागा डागासारखी पुढे आली, तर तेथे शिडीवर शेजारी नसलेले रंग एकत्र आलेले असतात. त्यांतला एक काढून मधल्या पायरीचा गोळा लावावा. एखादी जागा काळी दिसली, तर तेथे गोळा वाढवण्याआधी दिवा आत सरकवून पाहावा. पुन्हा एकदा कृष्णधवल छायाचित्र घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तार किंवा दोरा कुठे दिसतो का ते तपासावे. या टप्प्यावर हातात उरलेले गोळे लावण्याचा मोह होतो. ते खोक्यातच राहू द्यावेत, कारण फांद्यांचा हिरवा हाही संगतीतला एक रंग आहे आणि त्याला जागा लागते.

झाड ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे गोव्यात रेइश मागूश, चांदोर आणि काँसावलीला तीन राजांचे फेस्त होते तोपर्यंत, ठेवण्याची प्रथा आहे. उतरवण्यापूर्वी झाडाची चारही बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत. घोस सोडू नयेत, ते तसेच अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये किंवा बुटांच्या खोक्यात पायरीनुसार ठेवावेत आणि खोक्यावर रंग, माप व संख्या लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी नेमके कोणत्या रंगाचे किती गोळे आणायचे ते कळते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात सोनेरी आणि तांबूस मुलामा काळा पडतो आणि लोखंडी आकडे गंजून गोळ्यांच्या टोपणांना धरतात. त्यामुळे आकडे काढून ठेवावेत, प्रत्येक खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात, खोके जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावे, आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून पुड्या बदलाव्यात.